बदली सरदार

पंपहाऊसवर त्याला सगळे कविराज म्हणत, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नव्हता. कधीतरी डबा खाताना त्याने एका पुस्तकातल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवसापासून "कविराज, दोन नंबरचा पंप घरघर करतोय, त्याला जरा चाल लावा" हे जे सुरू झालं ते कायमचं. तो हसून सोडून द्यायचा. पंपांच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं दोन प्रकारची होतात. एक प्रकार घरी, दारी, दवाखान्यात, सगळीकडे ओरडूनच बोलतो. दुसरा बोलणंच सोडून देतो. कविराज दुसऱ्यातला.

पहिल्यातला होता भोंगा. तो कविराजच्या आधीच्या शिफ्टला असायचा. भोंगा कुजबुजला तरी रस्त्यापलीकडचा माणूस मान डोलवायचा. माणूस लोण्यासारखा, पण तोंड उघडलं की करवत.

पंपहाऊसचा एकच नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पंप चालू असताना काट्यांसमोर माणूस हवाच. दाब वाढला आणि बघायला कोणी नसलं तर मोटर जळते, नाहीतर पाइप फुटतो, आणि अर्ध्या शहराच्या नळांतून फुसफुस हवा येते. तेव्हा तुमच्या घरी लग्न असो नाहीतर आग लागलेली असो, पुढचा माणूस दारातून आत येऊन "चल, ऊठ" म्हणेपर्यंत तुम्ही त्या खुर्चीचे.

या नियमात मुरलेल्या कविराजच्या हाती नेमकी एक कविता पडली.

कविता शेकडो वर्षांपूर्वीची, दूरच्या मुलखातली. गोल मेजाभोवती आपले सरदार बसवणारा तो राजा. त्याच्या नावाजलेल्या सरदारांवर ढीगभर काव्यं झाली. ही मात्र अशा सरदाराची, ज्याचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही. राजा त्याला सांगतो, नदीच्या उतारावर जा, जिथे पाणी गुडघाभर आहे आणि शत्रू चालत अलीकडे येऊ शकतो. तिथे उभा राहा. तुझ्या जागी दुसरा सरदार पाठवीन. तो आला की परत ये. सरदार वाटेत लढतो, चुकतो, भुलतो, शेवटी नदीवर पोचतो आणि उभा राहतो. हिवाळा येतो. बदली सरदार येत नाही. अर्धी कविता ही अशीच आहे, माणूस उभा आहे आणि पाणी चाललंय. अगदी शेवटच्या दोन पानांत बदली सरदार उगवतो आणि आपला गडी घोड्यावर बसून घरी जातो.

कविराजने ती वाचली आणि बायकोला म्हणाला, "अगं, हा तर आमच्याच खात्यातला माणूस आहे."

मग तीन वर्षं त्याने त्या कवितेचा खेळ बनवला. कंप्युटरवर खेळायचा, चौकोनी चित्रांचा, जिथे आपणच तो सरदार होऊन गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, लांडग्यांशी लढतो. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्यात प्रत्येक गोष्टीला एक स्विच जोडायचा. खेळणाऱ्याने अमुक केलं की तमुक स्विच चालू; आणि स्विच चालू असेल तरच पुढची घटना घडते. लोक हे शिकायला क्लास लावतात म्हणे. कविराजला काहीच शिकावं लागलं नाही, पंपहाऊसवर तो दुसरं करतच काय होता?

आवाज सगळे बायकोचे. ती घरीच कपडे अल्टर करायची, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "कंबर जऽरा सैल, पण सैल दिसायला नको हं" म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात तिने राणी केली. पोटावरून सुटलेली पँट धरून उभ्या असलेल्या बँकेतल्या साहेबांच्या धापेत तिने घोडा केला. घोडा फारच छान झाला होता.

आता अडचण एकच होती. खेळातले शब्द कविराजचे नव्हते. कवितेचं आपल्या भाषेत रूपांतर केलं होतं एका निवृत्त सरांनी, उमेदीची सगळी वर्षं घालून, आणि खेळातला जवळजवळ प्रत्येक माणूस सरांच्याच ओळी बोलत होता. सर नाही म्हणाले तर तीन वर्षांचा खेळ मुका.

सर नाही म्हणण्याबद्दलच प्रसिद्ध होते. मागे एका नाटकवाल्याने याच कवितेच्या नाटकात त्यांना न विचारता नदीच्या उतारावर समूहनृत्य घातलं होतं. सर मध्येच उठून स्टेजवर गेले आणि नाचणाऱ्यांना "बसा खाली" म्हणाले. नाचणारे बसले.

कविराजने फोन केला तेव्हा सर प्रत्येक शब्दाला मार्क दिल्यासारखे बोलले.

"खेळ. म्हणजे बटणं दाबण्याचा."

"हो, सर."

"हं. पुढे."

कविराजने पुढे सांगितलं. किल्ला, जंगल, द्वारपाल, नदी.

"द्वारपाल? माझ्या कवितेत द्वारपाल नाही."

"नाही, सर. मी घातलाय. किल्ल्याच्या दारात. जरा विनोदाला म्हणून..."

"काढा."

"काढतो."

"मी येईन. शनिवारी दुपारी. एकदाच खेळीन. त्यानंतर हो म्हणेन किंवा नाही म्हणेन. परत विचारायचं नाही, फोन करायचा नाही, फराटे ओढून पत्रं पाठवायची नाहीत."

द्वारपाल हा बायकोचा सगळ्यात लाडका. त्याचं बोलणंही तिनेच रचलेलं, आणि तो हुबेहूब भोंग्याच्या आवाजात ओरडायचा. कविराजने त्याच्यावर माऊसचा बाण नेला, एक बटण दाबलं, आणि द्वारपाल गेला. बायको दोन दिवस नीट बोलली नाही.

शनिवारी कविराजची दुपारची ड्यूटी होती. त्याने भोंग्याला आधीच गाठलं. "तासभर उशीर होईल. सांभाळशील?"

"तासभर म्हणजे तासभर," भोंगा म्हणाला, आणि बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. "सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. कधीपासून नंबर लावलाय. ती बाई मला आधीच आंधळा समजते, उशीर झाला तर मुकाही करेल."

सर आले ते पाठीची उशी स्वतःची घेऊन. बायकोने शिलाई मशीन भिंतीला सरकवून कंप्युटर मधोमध मांडला होता. जमिनीवरचे दोरे तिने वेचले होते, तरी सरांच्या पायमोज्याला एक लाल दोरा चिकटलाच. कविराजला तो दिसला आणि पुढचा सगळा वेळ दिसत राहिला. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर तोच दिसतोय.

"बसा, वहिनी. तुम्ही का उभ्या?" सर म्हणाले. "परीक्षा यांची आहे."

त्यांनी एका बोटाने खेळ सुरू केला.

"हा निळा कोण?"

"तुम्ही, सर."

"डोकं फार मोठं आहे."

"या खेळांत डोकी मोठीच असतात, सर."

"हं."

राणी बोलली. सर पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, मग बायकोचा आवाज ऐकत, मग स्वतः पुन्हा म्हणून दाखवत. एका ठिकाणी एक मात्रा खाल्ली गेली होती ती त्यांनी परत आणली. किल्ल्याच्या दारातून ते सरळ बाहेर पडले, कारण दारात आता कोणीच नव्हतं. "ठीक," ते म्हणाले. जंगलात पहिल्याच लांडग्याने त्यांना लोळवलं.

"मेलो?"

"हो, सर. पण उठून परत चालायचं."

"कवितेत मरत नाही."

"नाही मरत."

"हं. सोयीचं आहे." ते उठले, चालले, दुसऱ्या लांडग्याने लोळवलं, पुन्हा उठले. घोडा मिळाला. घोड्याने धापा टाकल्या. सर थांबले. "हा कोणी केला?"

"मी," बायको म्हणाली.

"बरा आहे."

कविराजने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलंच नाही, पण तिचे कान लाल झाले होते. सरांकडून "बरा" म्हणजे काय हे दोघांनाही कळत होतं. पहिल्यांदाच कविराजचे खांदे अर्धा इंच खाली आले.

आणि मग नदी. पडद्यावर निळं पाणी, अलीकडे एक दगड, दगडाशी उभा सरदार. खाली सरांच्याच दोन ओळी उमटल्या:

जळ जाई जळाचिया वाटे,
मी उभा दिल्या शब्दाकाठे.

या वेळी सरांनी त्या मोठ्याने वाचल्या नाहीत. "आता काय दाबायचं?"

"काही नाही, सर. थांबायचं."

"किती?"

"तो येईपर्यंत."

सरांनी बोट उचललं, मांडीवर ठेवलं आणि उशीला टेकून बसले. खेळ पूर्वी भोंग्याला दाखवला होता तेव्हा त्याने या ठिकाणी सगळी बटणं एकदम दाबली होती, मग मशीनला चापट मारली होती. सर नुसते बसले. पाणी वाहत होतं. आभाळ राखाडी झालं, पहिलं बर्फ पडायला लागलं. सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कविराजला हवं होतं त्याहून जास्त होतं. आता बर्फ थांबणार, उजवीकडून बदली सरदार चालत येणार, आणि सर हो म्हणणार.

फोन वाजला. कविराज स्वयंपाकघरात पळाला.

"कुठे आहेस?" भोंगा म्हणाला. म्हणजे सगळ्या बिल्डिंगला म्हणाला.

"निघतोच. थोडंच राहिलंय."

"थोडं म्हणजे? सासू बूट घालून दारात बसलीये. बायकोचा तिसरा फोन आला. मी तिला म्हटलं, माझा रिलीव्हर कविता करतोय."

"दहा मिनिटं."

"दहा म्हणजे दहा, कविराज. आणि दोन नंबर गरम होतोय, मला त्याला सोडून हलता येत नाही. नाहीतर तुझ्या घरी येऊन तुला उचलून आणला असता."

तो फोन ठेवून वळला तर बायको दारात उभी. तिने आवाज अगदी खाली आणला होता.

"अहो. बर्फ दुसऱ्यांदा पडतंय."

"हो?"

"दुसऱ्यांदा पडतं का ते?"

कविराजने मनातल्या मनात खेळ उलटा चालवून पाहिला. बर्फ एकदाच पडायचं. थांबलं की बदली सरदार यायचा. तो निघायचा कधी, तर 'निरोप' नावाचा एक स्विच चालू असेल तर. आणि तो स्विच चालू व्हायचा कधी, तर सरदार किल्ल्यातून बाहेर पडताना द्वारपाल ओरडायचा, "जा बाबा, तुझ्या बदलीचं वर सांगतो मी," तेव्हा. स्विच जोडलेला होता द्वारपालाला. द्वारपाल त्याने एका बटणाने उडवला, त्याच्याबरोबर निरोपही उडाला.

पण त्याने तर हा प्रसंग परवाच तपासून पाहिला होता, बदली सरदार छान चालत आला होता. तेवढ्यात त्याला तेही कळलं. त्याने तपासलं होतं जुन्या सेव्हवरून, म्हणजे मागे अर्धवट साठवून ठेवलेल्या खेळावरून, थेट नदीपासून. त्या सेव्हमध्ये द्वारपाल केव्हाच बोलून गेलेला होता, स्विच केव्हाच चालू होता. किल्ल्यापासून नदीपर्यंत आपला खेळ तो गेल्या वर्षभरात एकदाही सलग खेळला नव्हता. स्वयंपाक करणारी बाई सारखी शेवटची फोडणी चाखते, तसं चाललं होतं त्याचं.

"तो येणार नाही," कविराज म्हणाला.

"कधीच?"

"त्याला कोणी सांगितलंच नाहीये."

दोघांनी दारातून पाहिलं. सर टेकून बसले होते. बर्फ थांबलं. काही झालं नाही. पाणी वाहत राहिलं. बर्फ पुन्हा सुरू झालं. सरांनी चष्मा किंचित वर केला आणि पुन्हा हात मांडीवर ठेवला. असा माणूस संध्याकाळपर्यंत बसला असता. उद्यापर्यंतही.

"मेन स्विच माझ्या हाताशी आहे," बायको म्हणाली.

"काय?"

"लाइट घालवते. लाइट गेली म्हणू. तुम्ही सरांना गॅलरीत हवेशीर बसवा, मी सुरू करून देते, तुम्ही गुपचूप आत येऊन ते निरोपाचं काय ते लावा. परत खेळतील."

"ते एकदाच खेळणार आहेत."

"लाइट गेली तर ते एकदा मोजायचं नसतं."

तिचा हात खरोखरच वर गेला होता. कविराजला मोह झाला, चांगलाच झाला. लाइट गेली असती, सर "हं" म्हणाले असते, आणि सगळं सुरळीत झालं असतं. तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला.

"काय सुंदर वेळ दिलाय हो तुम्ही याला. नाटकवाल्याने दोन मिनिटंही दिली नव्हती."

कविराजने बायकोचा हात धरून खाली आणला. मग बाहेर जाऊन खुर्चीच्या बाजूला उभा राहिला, शाळेत उभं करतात तसा.

"सर, तो येणार नाही."

"कोण?"

"बदली सरदार. माझी चूक झालीये. तुम्ही द्वारपाल काढायला सांगितलात, मी काढला. पण त्याला निघायचा निरोप त्या द्वारपालाकडूनच जायचा. म्हणजे... तुम्ही कितीही थांबलात तरी कोणी येणार नाही."

सरांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "कितीही?"

"कितीही."

कविराजला वाटलं, आता उशी उचलणार. बायकोला वाटलं, मी लाइट घालवायला हवी होती.

"अगदी बरोबर," सर म्हणाले.

"काय, सर?"

"अगदी बरोबर केलंत." सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते तिथे राहायची सवय नसल्यासारखं अवघडून बसलं होतं. "या कवितेची सगळ्यात जुनी हस्तलिखित प्रत आहे ना, ती इथेच संपते. बर्फ, पाणी, माणूस. शेवटची दोन पानं दुसऱ्या हाताची आहेत. शाई वेगळी, अक्षर वेगळं, वळण वेगळं. कोण्या लेखनिकाला सहन झालं नाही आणि त्याने आपल्या पदरचा बदली सरदार पाठवून दिला. मी प्रकाशकाला म्हटलं, ही पानं नको. तो म्हणाला, सर, शेवट नसलेलं पुस्तक कोण घेईल? घातली. तेव्हापासून मला ती पानं दातात अडकल्यासारखी आहेत." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे असंच राहू द्या. मग सगळ्या ओळी तुमच्या. आत्ता लिहून देतो."

तीन वर्षं कविराज ज्यासाठी झुरला ते समोर वाढून ठेवलेलं होतं. बायकोने तर कागद शोधायला सुरुवातही केली. फक्त "हो, सर" म्हणायचं. तेवढे दोन शब्द त्याला कुठे जड होते, तो दिवसभर दुसरं बोलायचाच काय?

"नाही, सर," कविराज म्हणाला.

बायको कागद घेऊन जागीच थांबली.

"नाही म्हणजे?"

"तो यायला पाहिजे." कविराजला स्वतःचा आवाज ऐकून आश्चर्य वाटत होतं. "अडाणी बोलत असेन, पण पहाऱ्यावर उभं केलेल्या माणसाला रिलीव्हर येतो, सर. उशिरा येतो, भांडून येतो, तोंड पाडून येतो. पण येतो. येतो म्हणूनच हा थांबतो ना? येणारच नाही म्हटल्यावर तो नुसता एक दगड झाला नदीवरचा. मी हा खेळ बनवलाच, कारण तो येतो."

"तो खरा शेवट नाही."

"नसेल."

"दुसऱ्या हाताचा आहे."

"असू दे ना, सर. पहिल्याला सुचलं नाही, दुसऱ्याने केलं. आमच्याकडे रोजचंच आहे."

सरांचं हसू मावळलं होतं. "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही कशाला नाही म्हणताय? मी दुसऱ्यांदा येणार नाही."

"कळतंय."

तेवढ्यात फोन वाजला. कविराजने तो बंद करायला खिशात हात घातला आणि घाईत नेमका उचलला.

"मेलास का रे?" भोंग्याचा आवाज खोलीभर झाला, पडद्यावरचा सरदारसुद्धा दचकला असता. "डॉक्टर दवाखाना बंद करून जाईल. सासू म्हणते तुमचा तो रिलीव्हर आहे तरी का खरंच, का तुम्हीच रचलाय."

फोन बंद झाला. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे कोण?"

"माझ्या आधीच्या शिफ्टचा."

"तो कशासाठी थांबलाय?"

"माझ्यासाठी."

"म्हणजे रिलीव्हर तुम्ही."

"हो."

"जो उशिरा येतो, पण येतो." सर शांतपणे म्हणाले. "आणि आत्ता तुम्ही कुठे आहात?"

कविराजच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने खुंटीवरची पिशवी काढली, डबा त्यात कोंबला आणि चपला पायात अडकवल्या.

"थांबा," सर म्हणाले. "माझं हो किंवा नाही ऐकून जा."

"नाही थांबता येणार, सर. सांगा तिला." मग बायकोला, जिन्यावरूनच, "अगं, तो 'निरोप' नावाचा स्विच. तो चालू कर म्हणजे येईल तो. सरांना बघायचं असेल तर."

रस्ता त्याने निम्मा पळत, निम्मा स्वतःला शिव्या घालत काढला. फाटकातून आत शिरतानाच दोन नंबरची घरघर त्याच्या कानावर आली, नेहमीपेक्षा जाड. भोंगा काट्यांसमोर उभा होता, बसलेलासुद्धा नाही. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"आला," भोंगा म्हणाला, जणू पंपाला सांगतोय. "आला हो आला, महाकाव्य संपवून आला. हे बघ, दाब मी थोडा खाली आणलाय. मघाशी काटा लाल पट्ट्याला टेकला होता. पाणी मारत बस त्याच्यावर. बेअरिंगचा आवाज बदलला की बंद कर, विचारत बसू नकोस कोणाला. चल, मी सुटलो."

"डॉक्टर मिळेल?"

"पळालो तर." तो दारापर्यंत पळाला, थांबला, वळला. "त्या मास्तराने हो म्हटलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे मी सासूचा मार खाणार तो फुकटच?" भोंगा गेला. त्याचं बडबडणं फाटकाबाहेर जाईपर्यंत ऐकू येत होतं, नंतरही थोडा वेळ.

कविराजने काटे पाहिले. बेअरिंगवर हात धरून पाहिला, पाणी सोडलं, पुन्हा पाहिला. काटा लाल पट्ट्याच्या जवळ जाऊन घुटमळत होता. सरांचा विचार करायला त्याला फुरसतच नव्हती. आला तरी तो काट्यामागे जाऊन लपत होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. हळूहळू घरघर पातळ झाली, काटा एक घर मागे सरकला, आणि तेव्हा कुठे त्याला खिशातला फोन थरथरतोय हे कळलं. त्याने तो कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"गेले सर," बायको म्हणाली.

"काय म्हणाले?"

"आधी तो स्विच लावायला लावला. म्हणाले, 'वहिनी, बघू तरी, येतो कसा.' परत सगळं पहिल्यापासून खेळले. लांडग्याने परत खाल्लं त्यांना. मग नदीवर थांबले. बर्फ पडलं, थांबलं, आणि आला तो."

"मग?"

"मग काही नाही. बघत बसले. मग," आणि इथे ती बायको राहिलीच नाही, फोनवर साक्षात सर आले, प्रत्येक शब्दाला मार्क देत. "'फार. सावकाश. चालतो. हा.'"

कविराजला हसू फुटलं. "हो म्हणाले का नाही ते सांग."

"ऐका ना. 'त्यांना सांगा, नदीपर्यंत माझे शब्द. तो बदली सरदार दिसल्यापासून पुढे माझी एक ओळसुद्धा वापरायची नाही. ती दोन पानं मला आधीही नको होती, आताही नकोत. तो काय बोलतो ते त्यांचं त्यांनी लिहावं. मी बघायला येणार नाही.' लिहून दिलंय. सही केलीये. उशी विसरून गेले आहेत."

पंपांच्या आवाजात कविराज उभा राहिला. नदीपर्यंत. म्हणजे राजा, राणी, जंगल, लांडगे, घोडा, बर्फ, पाणी, सगळं बोलणार होतं. शेवटचा एक माणूस मात्र तोंड उघडून उभा होता आणि त्याच्या तोंडात घालायची ओळ आता कविराजला लिहायची होती, ज्याने आयुष्यात एक ओळही लिहिली नव्हती.

"ऐकताय ना?" बायको म्हणाली. "मी एक विचारलं त्यांना. म्हटलं, सर, द्वारपाल परत ठेवू का? माझा आवाज आहे त्यात."

"काय म्हणाले?"

"'अजिबात. नाही.'"

"अगं, आज तू हाताने स्विच लावलास, पण खेळात निरोप कोण देणार? तो निघणार कसा?"

"तेही विचारलं. म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा."

काटा पुन्हा जरासा हलला. कविराजने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हातांनी खुर्ची पंपाच्या जवळ ओढली. रिलीव्हर येईपर्यंत एक ओळ सुचायला हवी होती.